खेकडीच्या तोंडातली चप्पल

“हळू आपट गं रतन. गोधडी हाय ती, तुझी सवत न्हाई.”

भामाआत्या माझ्या इतक्या जवळ उकिडव्या बसल्या होत्या की त्यांची कुरकुर आणि मिसरीचा वास दोन्ही एकदमच येत होते. कुणी ऐकावं म्हणून त्या बोलत नव्हत्या. मांजर घुरघुरतं तशी त्यांना सवय होती.

“माझ्या सासूचं लुगडं हाय त्या गोधडीत.”

“मग अजून जोरात आपटते, आत्या.”

त्या हसल्या. मीही हसले. सोपान गेल्याला दीड महिना झाला होता. त्या दीड महिन्यात मी पहिल्यांदा हसले ते मच्छिंद्र मुकादमाच्या विहिरीवर, त्याच्या आईशेजारी बसून, याचा राग मला हसता हसताच आला.

घटस्थापना चार दिवसांवर होती. घट बसायच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणं धुवावी लागतात, मग दुष्काळ असो नाहीतर काही असो. बहात्तर सालचा दुष्काळ असा होता की आमच्या बोरखिंडीत घराला दिवसाकाठी दोन कळश्या मिळायच्या. त्यात गोधडी धुवायची म्हणजे माणसांनी तिचंच पाणी पिळून प्यावं. पण मच्छिंद्रच्या मोसंबीच्या बागेतल्या विहिरीला पाणी होतं. ‘देवीची किरपा, पाणी लागलं,’ असं तो सांगायचा. लागलं होतं खरं, पण ते खालून नाही, वरून लागलं होतं, टँकरच्या पायपातून. सगळ्या मुलखात झाडांची सरपणं झाली होती आणि मच्छिंद्रची चाळीस मोसंब्यांची बाग हिरवीगार होती. आम्ही बायका तिथे गोधड्या धुवायला जायचो आणि बागेकडे पाठ करून बसायचो. डोळ्यांना दिसलं की तोंडाला बोलावं लागतं. मच्छिंद्र तलावाच्या दुष्काळी कामावर हजेरी घ्यायचा. त्याने नाव पुकारलं तर काम, नाहीतर घर.

एकटा सोपान बोलला होता. माझा नवरा. जेवायच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर.

“मुकादम, टँकर नेवाशाहून निघतो भरल्याला आन हितं येतो अर्धा. वाटंत त्याला बी तहान लागती का?”

लोक हसले. मच्छिंद्रही हसला. तो नेहमी शेवटी हसायचा आणि सगळ्यात जास्त वेळ हसायचा.

त्यानंतर आठ दिवसांनी सोपानची डाव्या पायाची चप्पल हरवली. कामावर काढून ठेवली होती, तिथून गेली. ‘कुत्र्यानं नेली’ असं सगळे म्हणाले. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी सोपानला खेकडीनं धरलं.

खेकडी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता त्या कुठे दिसत नाहीत.

त्या साली वर लढाई चालली होती. कोण कुणाशी लढत होतं ते सरकारने आम्हाला सांगितलं नाही. बहुतेक सरकारलाही कुणी सांगितलं नसावं. उन्हाळ्यात महिनाभर आभाळात भरदुपारी चरचर व्हायची, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी, आणि मग माळावर काहीबाही येऊन पडायचं. दवंडी फिरली की आभाळातल्या वस्तूंना हात लावू नये. त्यामुळे सगळ्यांना कळलं की हात लावण्यासारखं काहीतरी पडतंय. कुणी घुमटासारखा तुकडा आणून त्याचं कोंबड्यांचं खुराडं केलं. राहीबाईने एक ताट आणलं, त्याचा तवा करायला गेली, तर चूल विझेपर्यंत ते गार ते गारच. शेवटी ती त्यात लोणी ठेवायला लागली.

त्यातच खेकड्या होत्या. घमेल्याएवढ्या, राखाडी, सहा पायांच्या. वरच्यांच्या लढाईत त्या सापळे लावायचं काम करायच्या. त्यांना शत्रूची एखादी वस्तू दाखवायची, त्याचं पाऊल पडलेली. खेकडी ती तोंडात धरायची, तिरकी तिरकी चालत जायची आणि त्या माणसाच्या जाण्यायेण्याची जागा स्वतःच शोधायची. तिथे जमीन चार बोटं उकरायची, आत लाळेसारखं काही सोडायची, माती सारखी करायची आणि निघाली होती तिथे परत येऊन बसायची. मग त्या वाटेने गाव जाऊ दे, वरात जाऊ दे, कुणाला काही होत नसे. पण ज्याचं पाऊल दाखवलंय त्याने तिथे पाय ठेवला की जमीन त्याला धरायची. पहिल्या दिवशी पोटरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी छातीपर्यंत. नगरहून लष्कराची गाडी वस्तू गोळा करायला आली, तेव्हा एका साहेबानेच हे समजावून सांगितलं होतं. ‘मारत नाही, फक्त धरून ठेवते,’ तो म्हणाला. छाती आवळली की माणूस मरतो, हे त्याच्या लेखी मारण्यात येत नसावं.

गाडी यायच्या आधी आम्ही खेकड्या रानडुकरांसाठी वापरल्या. डुकराचा खूर उमटलेलं ढेकूळ तिच्या तोंडात द्यायचं, झालं. एकदा राहीबाईने दिलेल्या ढेकळावर डुकराच्या खुरावर तिच्याच शेळीचा खूर पडलेला होता. खेकडी शेवटचा ठसा धरते. शेळी अडकली. पहारीने खणायला गेलो तर माती लोखंडासारखी, पहार उडून परत. शेवटी शेळी तिथल्या तिथे कापली आणि दुष्काळातलं पहिलं मटण त्या दिवशी गावाने खाल्लं. राहीबाई रडत रडत वाटत होती आणि मीठ कमी पडलं म्हणूनही रडत होती. अडकलेलं सोडवायचं कसं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. डुकराला सोडवायचं कुणाला होतं?

मग गाडी आली. मच्छिंद्र मुकादमाने गावातल्या खेकड्या स्वतः गोळा करून दिल्या आणि तो साहेबाशी बाजूला बसून बराच वेळ बोलला. सात होत्या. गाडीत सहा चढल्या, असं राहीबाई नंतर एकदा म्हणाली आणि लगेच म्हणाली की तिला मोजता येत नाही.

सोपान ओढ्याच्या काठाने बागेकडे गेला होता, टँकर कुठे रिकामा होतो ते बघायला. ओढ्यातच त्याला धरलं. आम्ही सगळे धावलो. खणलं, पाणी ओतलं, चार जणांनी काखेत हात घालून ओढलं. सगळ्यात जास्त खणलं ते मच्छिंद्रने. सदरा काढून, पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन मारत होता. तळहात फुटले त्याचे. “मुकादम असावा तर असा,” लोक म्हणत होते. मीसुद्धा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि ‘वहिनी, दोन घोट घ्या’ म्हणून स्वतःच्या हाताने दिला. मी घेतला. अजून ती कपबशी माझ्या स्वप्नात येते.

सोपानला भामाआत्या पेज भरवायच्या. तिसऱ्या दिवशी त्याचे हातही आत गेले. माझ्याशी शेवटचं काय बोलला तर, “रतन, पाठ खाजव गं, मुंगी चढली.” मी मातीत बोटं घालायला गेले. माती बोटांना आत घेईना. मानेखाली जेवढी पाठ वर होती तेवढीच खाजवली. “खाली, खाली,” तो म्हणत राहिला. मग म्हणायचा थांबला.

त्याला वर काढता आलं नाही. तिथेच वर दगड रचले. पंचनाम्यात ‘अपघात’ असं आलं. गावही तेच म्हणालं, ‘चुकून पाय पडला.’ खेकडी दाखवल्याशिवाय कुणाला धरत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी सगळे म्हणाले, चुकून. मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी हजेरी होती.

आता गोधड्यांकडे येते.

“माळ्यावर आनखी दोन हायेत,” धुतलेल्या गोधड्या घेऊन त्यांच्या घरी गेलो तेव्हा भामाआत्या म्हणाल्या. “तू चढ. माझं गुडघं माझं ऐकत न्हाईत. फाटकी हाय ती तू ने, पांघरायला व्हईल.”

मी शिडीवरून माळ्यावर चढले. कडब्याच्या पेंढ्यांमागे गोधड्या होत्या, आणि गोधड्यांमागे ती बसली होती. सातवी. सहाही पाय पोटाशी घेऊन, आणि तोंडात चप्पल.

टायरची चप्पल. आमच्याकडे सगळ्यांच्या तसल्याच. पण ह्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला होता, आणि ती तार मी बांधली होती. माझ्या कानातल्याचा मोडलेला आकडा होता तो. सोपान म्हणाला होता, “सोन्याचा असता तर मुंबैला चालत गेलो असतो.”

मी ओरडले नाही. स्वतःचंच नवल वाटलं. मी खेकडी चपलेसकट फाटक्या गोधडीत गुंडाळली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि शिडी उतरले.

“सांभाळून ने,” भामाआत्या म्हणाल्या. “वल्ली न्हाई ना?”

“न्हाई आत्या. कोरडी हाय.”

घरी आल्यावर मी चप्पल तिच्या तोंडातून काढली. वाटलं होतं जोर लावावा लागेल, पण ती अलगद सुटली, लहान मुलाच्या हातातून खुळखुळा काढावा तशी. खेकडीच्या पोटात काहीतरी उसासल्यासारखं झालं आणि पाय सैल पडले. मी चप्पल मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडून आलेली माणसं म्हणाली, सोपानवरचे दगड हातभर खचलेत, कोल्ह्यांनी उकरलं असेल. मी तेव्हा त्यावर काही विचार केला नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

राहीबाई माझी शेजारीण, जिवाभावाची. तिला मी चप्पल दाखवली.

तिने ती पाहिली. तारही पाहिली. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मी काय बघितलं न्हाई, रतन.”

“तुझ्या हातात हाय ती.”

“माझ्या हातात काय न्हाई.” तिने चप्पल जमिनीवर ठेवली, हळूच, मोडेल अशी. “दोन लेकरं हायेत मला. उद्या नाव न्हाई पुकारलं तर त्यांच्या तोंडात काय घालू, ही तार? पोलिसात जाशील, कुत्र्यानं नेली म्हनतील. गावच साक्ष देईल. मी बी देईन, माझी बाय, मला माफ कर.”

“मला पोलिसात जायचंच न्हाई,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग कोपऱ्यातल्या गोधडीकडे पाहिलं, गोधडीखालच्या उंचवट्याकडे पाहिलं, आणि उठून गेली. जाताना दार ओढून घेतलं. तेवढी मदत तिने केली.

मी ठरवलं होतं ते असं. मच्छिंद्रला जमीन धरेल. मी पहिली धावत जाईन. पहार मीच घेईन, सदरा काढता येत नाही तर पदर खोचीन, आणि खणीन, तळहात फुटेपर्यंत. लोक म्हणतील, बघा, नवरा गेला तरी दुसऱ्यासाठी जीव टाकते. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चहा करीन आणि ‘भाऊजी, दोन घोट घ्या’ म्हणून तोंडाला लावीन. तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीला खाज सुटली तर खाजवीन, जेवढी वर असेल तेवढी. मग दगड रचीन. हे सगळं मी भाकरी थापताना इतकं रंगवायची की भाकऱ्या करपायच्या आणि त्या करपलेल्या भाकऱ्या मला गोड लागायच्या.

राहिली त्याची चप्पल. ती चोरणं सोपं होतं. मच्छिंद्र दरसाल नवरात्रात अनवाणी राहायचा. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत पायात काही नाही, नवस होता. म्हणजे त्याच्या चपला नऊ दिवस दाराशी पडून असणार आणि एक गेली तरी तो शोधणार नाही. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. तिसऱ्या माळेला संध्याकाळी मी घटाच्या पाया पडायला त्यांच्या घरी गेले. मच्छिंद्रची बायको बाळंतपणाला केडगावला माहेरी गेली होती. घरात आत्या आणि तो. तो ओसरीवर हजेरीचं बुक घेऊन बसला होता.

“बसा वहिनी. काय लागलं सवरलं तर सांगत जावा.”

“सांगीन की भाऊजी.”

निघताना दारातली एक चप्पल मी पदराखाली घेतली.

चौथ्या माळेला, उजाडल्यावर, परसात मी ती खेकडीच्या तोंडात दिली. तिने पाय ताणले, अंग झटकलं, आणि कुंपणाच्या भोकातून तिरकी निघून गेली. मी दुरून मागे गेले. मला वाटलं होतं ती तलावाच्या वाटेला लागेल, कारण मच्छिंद्र रोज तिकडेच जायचा. ती गेली ओढ्याच्या काठाने, तरवडाच्या झुडपांकडे, बागेच्या पायवाटेवर. बागेवरही जात असेल सकाळचा, मी म्हटलं. तासाभराने ती परत येऊन चुलीमागे बसली, चप्पल तोंडात घेऊन, शहाण्या मुलीसारखी.

त्या दिवशी संध्याकाळी मच्छिंद्र बागेकडून त्याच पायवाटेने आला. अनवाणी. मी तलावाच्या बांधावरून बघत होते. त्याने त्या जागेवर पाय ठेवला, दुसरा ठेवला, खाकरला, थुंकला आणि पुढे गेला. मला काही कळेना. रात्र कशी काढली ते सांगत बसत नाही.

पाचव्या माळेला सकाळी ओढ्याकडून हाक आली. मी उठले, केस विंचरले, पदर खोचला, कोपऱ्यातली पहार घेतली. मनात म्हटलं, आली माझी माळ. हाक परत आली तेव्हा माझा पाय उंबऱ्यावर होता, आणि तो तिथेच राहिला. आवाज बाईमाणसाचा होता.

भामाआत्या तरवडाच्या झुडपांपाशी उभ्या होत्या. पोटऱ्या जमिनीत. घटाला रोज नवी माळ लागते, तिची फुलं त्या रोज सकाळी इथून न्यायच्या. पाटी कलंडली होती आणि पिवळी फुलं सगळीकडे सांडली होती.

“मला कशी गं धरली हिनं?” त्या म्हणाल्या. घाबरलेल्या नव्हत्या, चिडलेल्या होत्या. “माझ्याकडं काय हाय दाखवायला? अनवानी फिरती मी दोन दिस.”

“अनवाणी का आत्या? तुमाला नवस न्हाई.”

“माझ्या चपलंचा अंगठा तुटला घट बसले त्या दिशी. मग मच्छिंद्राच्या घातल्या, त्येला नऊ दिस काय लागत न्हाईत म्हनून. तर त्यातली बी एक कुत्र्यानं नेली.”

पहार माझ्या हातात जड झाली. शेवटचा ठसा. राहीबाईची शेळी मी खाल्ली होती आणि तरी ही चूक केली होती.

लोक जमले. कामावर निघालेला अख्खा गट आला, घमेली, टिकाव घेऊन. सगळे ओढ्याच्या काठावर उभे राहिले आणि कुणीच खणायला पुढे झालं नाही, कारण खणून काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. खालच्या अंगाला, दहा पावलांवर, सोपानचे दगड होते. त्याकडे न बघता उभं राहायची प्रत्येकाने आपापली तऱ्हा शोधली होती.

मग मच्छिंद्र आला. पळत आला, अनवाणी, आईच्या पायाशी गुडघे टेकले, मातीवर दोनदा बुक्क्या मारल्या. पहार मागितली नाही. त्याने मान वर केली आणि गर्दीकडे बघून म्हणाला,

“खेकडी कुनाकडं हाय? तिच्या तोंडातली वस्तू काढा. काढली की सुटतंय.”

कुणी हललं नाही. राहीबाईच्या हातातलं घमेलं मात्र खाली पडलं आणि गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं.

त्याला कळलं. आपण काय बोललो ते त्याला घमेलं थांबल्यावर कळलं. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं, आणि मी नेमकी त्याच्यासमोर होते.

“भाऊजी,” मी म्हणाले, “हे तुमाला कवापासून ठावं?”

“वहिनी, आता आईचं बघा.”

“बघते की. कवापासून?”

मी गर्दीकडे वळले. चाळीसेक माणसं. कुणी विडी विझवली, कुणी टिकावाचं पातं चाचपलं. एका म्हाताऱ्याने घसा साफ केला, मला वाटलं बोलणार. तो म्हणाला, “आदी म्हातारीला काढा. बाकीचं मागनं बघू.” आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. आदी म्हातारीला काढा, हां, हे बरोबर, बाकीचं मागनं. मला तेव्हा कळलं की मागनं कधीच येणार नाही. उद्या हजेरी होईल आणि हेही चुकूनच झालेलं असेल.

“वहिनी,” मच्छिंद्र पाय धरायला आला. “तुमच्याकडंच हाय. मला म्हाईती हाय. पाया पडतो.”

“खना ना भाऊजी,” मी म्हणाले, आणि पहार त्याच्या हातात दिली. “तुमी चांगलं खनता.”

मी घरी निघाले. खरं सांगायचं तर, ओढा चढेपर्यंत मी चप्पल काढणार नव्हते. माझ्या हातात जे आलं होतं ते मी रंगवलेल्यापेक्षाही सरस होतं. त्याला स्वतःला धरलं असतं तर तो तीन दिवसांत सुटला असता. आईला धरलं तर तो जन्मभर आत राहील. तीन दिवस तो खणेल, आणि ह्या वेळी खरंच खणेल. मी चुलीपाशी बसले. खेकडी समोर होती, चप्पल तिच्या तोंडात. पाठीमागे ओढ्यातून पहारीचा आवाज यायला लागला, टण्, टण्. काय गोड आवाज होता. मी तो ऐकत बसले. विस्तवावर राख ओढली. परत उकरली. वाटीभर पाणी प्यायले.

आणि मग मला पेज आठवली. म्हातारी कशी सोपानला भरवायची ते. आधी चमचा स्वतःच्या ओठाला लावून बघायची, पोळेल म्हणून. अंगाचा अर्धा भाग जमिनीत गेलेल्या माणसाचं तोंड पोळेल म्हणून. मी त्या चमच्याला कितीतरी शिव्या दिल्या. तो जाईना. मी चप्पल धरली आणि ओढली. आली. पोरानेही काढली असती. तीन दिवस, कुणीही, दोन बोटांनी.

हे कळल्यावर मात्र मी बसून राहू शकले नाही. चप्पल हातात घेऊन मी ओढ्याकडे आले तेव्हा ती त्याच्या तोंडावर मारायची एवढंच माझ्या मनात होतं.

तो अजून खणत होता. घामाने निथळत होता, रडत होता. पहार आता उडत नव्हती, मातीत जात होती, पण त्याला ते समजण्याचं भान नव्हतं. लोकांनाही नव्हतं. भामाआत्यांना होतं. त्यांच्या पायाभोवतीची माती भुसभुशीत झाली होती. त्यांनी एक पाय थोडा वर घेतला, बोटं हलवून पाहिली, आणि परत होता तिथे ठेवला. मग माझ्या हातातल्या चपलेकडे बघितलं. त्या सुटल्यात हे तिथे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

“वहिनी, काढा हो,” मच्छिंद्र माझ्याकडे वळला. “तुमी सांगाल ते करतो. ती म्हातारी हाय. तिनं काय केलंय?”

“मच्छिंद्रा, ती पहार खाली ठेव,” भामाआत्या म्हणाल्या.

“आई, तू बोलू नको, दम लागंल.”

“ठेव खाली.”

त्याने ठेवली. त्या जागेवरून हलल्या नाहीत. कुणाकडे विशेष बघितलंही नाही, नेहमी कुरकुरायच्या त्याच आवाजात बोलल्या, पण ह्या वेळी काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

“सोपानची चप्पल तू आनलीस. माळ्यावर खेकडीच्या तोंडात मी ती बघितली, तो जिता हुता तवा. मी तुला इचारलं, येला सोडवता येत न्हाई का? तू म्हनलास, येतंय, पर सुटला की त्यो टँकरचं बोलंल, आई, तू गप ऱ्हा. मी गप ऱ्हायले आन त्येला पेज पाजली. चुकून न्हाई झालं, समद्यांनी ऐका. खेकडीनं बी न्हाई मारलं. सोपानला आपन मारलं.”